खदानीत लागलात? छाती, कान आणि कागद पहिल्या दिवसापासून कसे सांभाळायचे

नागपूरच्या माणसाला खदान म्हटलं की चंद्रपूर नाहीतर धनबाद आठवते, पण आपल्याच जिल्ह्यात पाहा नं, सिलेवाडा, सावनेर, गोंडेगाव, इंदर, तिकडं उमरेड आणि मकरधोकडा ह्या कोळशाच्या, मनसर, कांद्री, गुमगाव ह्या मँगनीजच्या, आणि गिट्टीच्या खदानी तर वेगळ्याच. कोळशाची वेकोलि आणि मँगनीजची मॉईल, ह्या दोन्ही सरकारी कंपन्यांचं हेडऑफिस नागपुरात. पर्मनंटवाल्यांना दवाखाना आहे, युनियन आहे, सांगायला जुने लोक आहेत. मी हे लिहून राहिलो ते मुख्य करून ठेकेदाराकडं नवीन लागलेल्या पोरांसाठी, कारण त्यांना हेल्मेट आणि जॅकेट भेटते आणि "जा कामाला" एवढंच सांगितल्या जाते.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. अपघात झाला तर सगळ्यांना दिसतो, पेपरात येते, चौकशी बसते. पण धूळ, आवाज आणि मँगनीज हे असे हळूहळू मारतात की दहा-पंधरा वर्षांनी खोकला सुरू होते तेव्हा ठेकेदार बदललेला असतो, गेटपास कुठं हरवलेला असतो, आणि तुम्ही त्या खदानीत होते हेच सिद्ध करायला कागद नसते. म्हणून अंगावरचं सामान जेवढं महत्त्वाचं तेवढाच कागद महत्त्वाचा, आणि कागदाचं काम पहिल्या दिवशी सुरू होते, आजारी पडल्यावर नाही.

तर सुरुवात मेडिकलपासून. कामाला लागायच्या आधी जी तपासणी होते तिला आयएमई म्हणतात, नंतर ठराविक काळानं होते ती पीएमई. माइन्स रूल्सप्रमाणे पीएमई जास्तीत जास्त पाच वर्षांनी झालीच पायजे. ह्यात छातीचा एक्सरे, फुंकायची टेस्ट म्हणजे स्पायरोमेट्री, कानाची ऑडिओमेट्री, डोळे, रक्त, लघवी हे सगळं येते, आणि फिट-अनफिटचा रिपोर्ट फॉर्म ओ मध्ये असतो. बरेचदा काय होते, नवीन पोराला वाटते की तपासणी म्हणजे पास व्हायची परीक्षा, मग तो खोकला लपवतो, कानाच्या टेस्टला अंदाजे बटण दाबतो. असं करू नका भाऊ. ही तपासणी तुमच्याच कामाची आहे, आज तुमची छाती साफ होती, कान चांगले होते, हे लिहून ठेवणारा हा एकच कागद आहे. उद्या कान गेले तर कंपनी म्हणू शकते की हा आधीपासूनच बहिरा होता, तेव्हा हाच कागद बोलते. रिपोर्टची कॉपी मागा, कॉपी नाही देत म्हटलं तर निदान मोबाईलमध्ये फोटो काढा, आणि तो फोटो घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा, कारण मोबाईल फुटतात. तपासणी न करताच सही घ्यायला कोणी कागद समोर ठेवला तर त्या कागदावर सही करू नका, एवढं मात्र कडक राहा.

त्यासोबतच व्हीटीसीची, म्हणजे खदानीच्या ट्रेनिंग सेंटरची, ट्रेनिंग. १९६६ च्या व्होकेशनल ट्रेनिंग रूल्सप्रमाणे ट्रेनिंग झाल्याशिवाय कामावर लावता येत नाही आणि दर पाच वर्षांनी रिफ्रेशर असते. सर्टिफिकेट सांभाळा. आणि तुमचं नाव खदानीच्या बी फॉर्म रजिस्टरमध्ये, म्हणजे कामगारांच्या नोंदवहीत, चढलं का, ते विचारून त्याचा नंबर लिहून घ्या, कारण ठेकेदाराच्या वहीतली हाजिरी उद्या कोणी मानणार नाही, बी फॉर्म मात्र मानावाच लागते.

आता धूळ. ह्याच्यावर मी जास्त बोलणार, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहेत. जी धूळ डोळ्याला दिसते, नाकात काळी होऊन येते, ती नाक आणि घसा बऱ्यापैकी अडवते. खरी घातक ती जी दिसत नाही, पाच मायक्रॉनपेक्षा बारीक, ती थेट छातीच्या तळाशी जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. कोळशाच्या धुळीनं होते तो न्यूमोकोनिओसिस आणि दगडातल्या सिलिकानं होते तो सिलिकोसिस. आपल्याकडं कोळशाच्या वर कामठी सँडस्टोन आहे, म्हणजे वाळूचा दगड, त्याच्यात सिलिका भरपूर. म्हणून ओबीत, म्हणजे कोळशावरच्या दगड-मातीत, ड्रिल मारणारा, ब्लास्टिंगच्या होलजवळ उभा राहणारा, अंडरग्राउंडला छतात रूफ बोल्टचं होल मारणारा, हे लोक कोळसा कापणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात असू शकतात, आणि त्यांना वाटते आपण तर कोळशात नाही, आपल्याला काय होणार. सिलिकोसिसवर औषध नाही. काम सोडलं तरी तो वाढत राहू शकतो. साधारण दहा वर्षांनंतर दिसते पण धूळ खूप जास्त असली तर दोन-तीन वर्षांतही माणूस आडवा होतो.

मग करायचं काय. पहिलं, पाणी. ड्रिल ओलं चाललं पायजे, म्हणजे होलमध्ये पाणी सोडून नाहीतर मशीनला डस्ट कलेक्टर लावून. पाण्याचा पाइप लीक आहे, टँकर आला नाही, मोटर खराब आहे, अशी कारणं रोज असतात आणि ड्रिल सुकंच चालू राहते. सुकं ड्रिल चालू असलं तर सरदाराला, ओव्हरमनला, म्हणजे पाळीवरच्या सुपरवायझरला, सांगायचं, आणि नुसतं तोंडी नाही, सेफ्टी कमिटीत तुमचा माणूस असेल त्याच्याकडून लिहून द्यायचं. हॉल रोडवर, म्हणजे डंपरच्या रस्त्यावर, पाणी मारणं, क्रशरवर स्प्रे चालू असणं, हे पण तसंच. मास्क हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. धूळ उडूच दिली नाही तर मास्कवर एवढा भार पडत नाही.

दुसरं, केबिन. डोझर, डंपर, शॉव्हेल, ड्रिलच्या केबिनचे काच बंद ठेवायचे. एसी बंद आहे म्हणून काच उघडा टाकून चालवणं म्हणजे दिवसभर धुळीत बसणं. एसी हा लाड नाही, धुळीपासून बचाव आहे, तो रिपेअर करून मागणं तुमचा हक्क समजा.

तिसरं, मास्क. गमछा तोंडाला बांधून काही होत नाही, गमछ्यातून बारीक धूळ आरपार जाते, उलट माणसाला वाटते की आपण सुरक्षित आहो. आयएस ९४७३ लिहिलेला एफएफपी २ नाहीतर एन ९५ पायजे. तो घालायची पण पद्धत आहे, वरची पट्टी डोक्याच्या मागं वर, खालची मानेवर, नाकाची पट्टी दोन्ही हाताच्या बोटांनी दाबायची, मग दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा, कडेनं हवा डोळ्याकडं आली तर मास्क बसला नाही. आणि दाढी. मोठी दाढी असली तर मास्क चेहऱ्याला चिपकतच नाही, कितीही भारी मास्क असो. ज्याला दाढी काढता येत नाही त्यानं निदान धुळीच्या कामावरून बदली मागावी. मास्क घामानं ओला झाला, श्वास जड जाऊ लागला, तर नवा घ्या, धुऊन परत वापरायचा नसतो.

आणि आता खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी. नागपूरचं पोरगं आणि खर्रा ही जोडी सगळ्यांना माहीत आहे. पण विचार करा, तोंडात खर्रा असला की दर थोड्या वेळानं थुंकायला मास्क खाली येते, मग तो हनुवटीवरच राहते. वरून धुळीच्या हातानं खर्रा घोटला, त्याच बोटांनी तोंडात टाकला, म्हणजे धूळ सरळ पोटात. मी इथं कोणाला व्यसनमुक्तीचं भाषण देऊन राहिलो नाही, तोंडाचा कॅन्सर वेगळाच विषय आहे. पण निदान पाळीच्या आठ तासांत खर्रा नको, एवढं जरी जमलं तरी मास्क चेहऱ्यावर टिकते. बिडी-सिगारेटचं तर बोलायलाच नको, धुळीनं खराब झालेल्या छातीत धूर गेला की दोन्ही मिळून छाती लवकर खलास करतात, आणि अंडरग्राउंडला बिडी-माचिस नेणं म्हणजे फक्त स्वतःचा नाही, खाली असलेल्या सगळ्यांचा जीव घालवणं.

घरची पण काळजी. पिटहेड बाथ, म्हणजे खदानीच्या तोंडाशी न्हाणीघर, असेल तर तिथंच आंघोळ करून कपडे बदलून या. कपडे झटकू नका, ओले करून धुवा. कारण धूळ भरलेले कपडे घरी कोण झटकते आणि धुते, बायको नाहीतर आई, आणि त्यांना कोणी मास्क देत नाही.

मँगनीजच्या खदानीवाल्यांसाठी वेगळं सांगतो. मँगनीजची धूळ आणि धूर फक्त छातीला नाही, मेंदूला लागते. सुरुवातीला माणूस चिडचिडा होते, झोप उडते, उगीच हसते-रडते, घरच्यांना वाटते ह्याला झालं काय. मग हात कापते, बोलणं हळू आणि एकसुरी होते, चेहरा दगडासारखा होते, चालताना पाय नीट टेकत नाही. पार्किन्सनसारखंच दिसते. पुढं गेल्यावर भरून येत नाही, म्हणून घरच्या बायकांनी हे वाचून ठेवावं, कारण स्वभावातला फरक त्यांनाच पहिले दिसते. असं काही वाटलं तर डॉक्टरला सांगायचं की हा मँगनीजमध्ये काम करते. जेवायच्या आधी हात साबणानं धुणं, डबा कामाच्या जागी न उघडणं, हे मँगनीजमध्ये दुप्पट पाळायचं.

आवाजाचं सोपं मोजमाप असं, हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असलं तर आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला समजा. डीजीएमएस, म्हणजे खदानींच्या सुरक्षेचं सरकारी खातं, त्याच्या हिशोबानं ८५ ला सावध व्हायचं, ९० च्या वर आठ तास बिना प्रोटेक्शन काम नाही, आणि ११५ च्या वर तर कान झाकल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. कान एकदम जात नाहीत. पहिले बारीक, टोकदार आवाज जातात, ऑडिओमेट्रीच्या कागदावर ४००० हर्ट्झजवळ रेघ खाली खचलेली दिसते, आणि माणसाला तेव्हा काही कळतही नाही, फक्त घरी टीव्हीचा आवाज वाढत जाते. फोमचे इअरप्लग असतील तर बोटांनी बारीक गोल करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागं ओढा, मग आत घाला आणि फुगेपर्यंत दाबून धरा. नुसता टोचून ठेवलेला प्लग काहीच अडवत नाही. कापसाचे बोळे तर बिलकुल नाही.

आणि ऊन. नवतपा सुरू झाला की ओपनकास्टमध्ये, म्हणजे वरून उघड्या खदानीत, काय होते ते उमरेडच्या माणसाला विचारा, वरून ऊन, खालून तापलेला दगड, बाजूला मशीनची गरमी, वारं तर खड्ड्यात उतरतच नाही. सुट्टीवरून आलेला आणि नवीन लागलेला, हे दोघं सगळ्यात आधी पडतात, कारण अंगाला सवय नसते. त्यांना पहिला आठवडा हलकं काम द्या, मग वाढवा. तहान लागायची वाट न पाहता थोडं थोडं पाणी, सोबत ओआरएस, नाहीतर मीठ-साखर-लिंबू. रूल्समध्ये माणशी किमान दोन लिटर पिण्याचं पाणी लिहिलं आहे, पण नागपूरच्या मे महिन्यात दोन लिटरनं काय होते, जास्त मागा. कोणी बरळायला लागला, चालता चालता झोकांड्या जाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर घाम येत असला तरी ते ऊन लागणंच आहे. ॲम्ब्युलन्सची वाट पाहत बसू नका, सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, हवा घाला, गार करत करतच दवाखान्यात न्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी टाकायचं नाही. अंडरग्राउंडवाल्यांसाठी, ओल्या थर्मामीटरचं तापमान ३३.५ डिग्रीच्या वर जायला नको, आणि ३०.५ च्या वर गेलं तर हवा निदान सेकंदाला एक मीटर तरी वाहती पायजे, हे आकडे ओव्हरमनला तोंडपाठ असतात, विचारायला लाजू नका.

उन्हावरून एक महत्त्वाचं, डंपरच्या सावलीत कधीच बसायचं-झोपायचं नाही. ऑपरेटरला तुम्ही दिसतच नाही, एवढी मोठी गाडी, तिच्या पुढचं आणि उजव्या-डाव्या बाजूचं बरंच अंतर त्याच्यासाठी आंधळं असते. ओपनकास्टमध्ये मोठे अपघात डंपर आणि बाकी गाड्यांचेच होतात. चालत जायचं तर ठरलेल्या रस्त्यानं, रेडियमचं जॅकेट घालून, आणि गाडीजवळ जायचं असलं तर ऑपरेटरची नजर भेटली, त्यानं हात केला, तेव्हाच.

ब्लास्टिंगनंतर ऑल क्लिअर झाल्याशिवाय बेंचवर, म्हणजे खदानीच्या पायरीवर, जायचं नाही हे सगळ्यांना माहीत असते. पण नारिंगी-तपकिरी धूर दिसला तर काय, हे फार कमी लोकांना माहीत असते. तो नायट्रोजन डायऑक्साइड आहे. नाकाला थोडं झोंबते, माणूस खोकून परत कामाला लागते, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छातीत पाणी भरते. म्हणून त्या धुरात सापडलात तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखाना, आणि डॉक्टरला ब्लास्टिंगचा धूर असं स्पष्ट सांगायचं.

अंडरग्राउंडचं थोडक्यात, कारण ते व्हीटीसीत नीट शिकवतात. सगळ्यात जास्त जीव छत पडून जातात. सपोर्टच्या शेवटच्या रांगेपुढं पाऊल नाही, सब्बल पडली असली तरी नाही, हाजिरी कापतो म्हटलं तरी नाही. छत ठोकून पाहिल्यावर टणक वाजलं तर ठीक, पोकळ वाजलं तर मागं व्हा आणि सरदाराला बोलवा. मिथेन हलका, छताजवळ जमते, ५ ते १५ टक्क्यांत स्फोट होऊ शकते, आणि १.२५ टक्के झाला की माणसं बाहेर काढायची असतात. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. म्हणून सेल्फ रेस्क्युअर, म्हणजे विषारी हवेत तोंडात धरून श्वास घ्यायचा डबा, कमरेलाच पायजे, दहा पावलं दूर खुंटीला टांगलेला नको. आणि तो डोळे मिटून घालायची सवय करा, कारण खरी वेळ येते तेव्हा धुरात काहीच दिसणार नाही. फिल्टरवाला असेल तर तो मोनॉक्साइड अडवते पण ऑक्सिजन बनवत नाही, आणि वापरताना आतली हवा गरम, सुकी लागते, घसा भाजल्यासारखा होते. लोक घाबरून तोंडातून काढतात आणि तिथंच पडतात. गरम लागते म्हणजे तो काम करून राहिला, काढायचा नाही.

आता परत कागद. सिलिकोसिस, न्यूमोकोनिओसिस, मँगनीजची विषबाधा, ॲस्बेस्टॉसिस, आणि २०११ पासून आवाजानं जाणारे कान, हे नोटिफायेबल आजार आहेत, म्हणजे सापडला की मॅनेजमेंटनं आणि डॉक्टरनं डीजीएमएसला कळवावंच लागते. १९५२ च्या माइन्स ॲक्टमध्ये १९८३ च्या दुरुस्तीनं ९ए कलम आलं होतं, त्यात असं होतं की खदानीच्या कामामुळं माणूस अनफिट ठरला तर मालकाच्या खर्चानं इलाज, तेवढ्या काळाचा पूर्ण पगार, आणि जुनं काम जमत नसेल तर दुसरं काम नाहीतर भत्ता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी कामगारांच्या सुरक्षेचा नवा सेफ्टी कोड लागू झाला आहे, त्यात नियुक्तीपत्र सगळ्यांना द्यावं लागते आणि चाळिशीपुढच्या कामगारांची दरवर्षी फुकट तपासणी आहे. तर ठेकेदाराला आजच नियुक्तीपत्र मागा, त्याच्यावर खदानीचं नाव आणि तुमचं खरं काम लिहिलेलं पायजे, नुसतं हेल्पर नाही. ड्रिलवर असाल तर ड्रिल लिहून घ्या.

अनफिट केलं तर अपील होते, त्याची मुदत छोटी असते, म्हणून कागद हातात आला त्याच दिवशी त्याच्यावर मिळाल्याची तारीख टाका. भरपाईच्या कायद्यातल्या तिसऱ्या अनुसूचीत न्यूमोकोनिओसिस आणि मँगनीज दोन्ही आहेत, म्हणजे अपघातासारखीच आजाराची पण भरपाई मागता येते, आणि हे ठेकेदारी कामगारालाही लागू आहे. तक्रार करायची तर डीजीएमएसच्या वेस्टर्न झोनचं ऑफिस नागपुरातच आहे, धनबादला जायची गरज नाही. लेखी द्या, तारीख-पाळी-जागा लिहा, फोटो जोडा, पोच घ्या. १०० च्या वर माणसं असलेल्या खदानीत सेफ्टी कमिटी असते, ५०० च्या वर असतील तर वर्कमेन इन्स्पेक्टर असतो, तो तुमच्यातलाच असतो, पहिले त्याला गाठा, बरीच कामं तिथंच होतात.

मला एका गोष्टीचं मनापासून वाईट वाटते, खाण कामगारांच्या आरोग्यासाठीच असलेली राष्ट्रीय संस्था, एनआयएमएच, तिचं मुख्यालय नागपुरात होतं, २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या संस्थेत विलीन करायचा निर्णय झाला. खदानी इथं, आजारी माणसं इथं, तर तपासणारे लोक पण इथंच जास्त पायजे होते.

शेवटचं, काम सोडताना. सोडायच्या आधी शेवटची तपासणी मागा, एक्सरेची मोठी फिल्म नाहीतर सीडी मागा, नुसता रिपोर्ट नाही, कारण धुळीचा आजार ठरवताना आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, स्टँडर्ड फिल्मशी जुळवून पाहतात आणि त्याला चांगला एक्सरे लागते. कंपनीनं नाही केलं तर नागपूरच्या मेडिकलला नाहीतर मेयोला, ह्या सरकारी दवाखान्यांत, जाऊन काढून घ्या. तिथं, किंवा पुढं कधीही खोकला-धाप घेऊन कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तर, पहिल्याच वाक्यात सांगा की मी इतकी वर्षं अमुक खदानीत ड्रिलवर होतो. न सांगितलं तर एक्सरेवरचे डाग पाहून सरळ टीबी समजल्या जाते, सहा महिने गोळ्या चालतात आणि धाप तशीच राहते. उलट पण होते, सिलिकोसिसवाल्याला टीबी लवकर लागते, दोन्ही सोबत असू शकतात, म्हणून थुंकीची तपासणी करायचीच आणि ती पॉझिटिव्ह आली तर गोळ्या पूर्ण घ्यायच्या. आणि डॉक्टर केसपेपरवर तुमचा धंदा लिहितात का ते पाहा, नसेल लिहिला तर उठायच्या आधी लिहून मागा.